‘स्वीपिंग’ या इंग्रजी विशेषणासाठी मराठीत एकच शब्द पुरतो का?

महालची शिक्षिका यांचा प्रश्न

नमस्कार. मी नागपुरात महाल भागातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. मागच्या आठवड्यात अकरावीच्या मुलांची भाषांतराची चाचणी घेतली. तिच्यात ‘स्वीपिंग’ हे विशेषण तीन वाक्यांत मुद्दाम घातले होते. पहिल्या वाक्यात सरकारने शिक्षणपद्धतीत केलेले बदल ‘स्वीपिंग’ होते, दुसऱ्यात साथीच्या काळात अधिकाऱ्यांना मिळालेले अधिकार ‘स्वीपिंग’ होते आणि तिसऱ्यात ‘शहरातली मुले वाचत नाहीत’ हे विधान फारच ‘स्वीपिंग’ आहे, असे म्हटले होते. एका हुशार मुलाने तिन्ही ठिकाणी ‘व्यापक’ हाच शब्द लिहिला. पहिली दोन वाक्ये मी बरोबर धरली आणि ‘हे विधान फारच व्यापक आहे’ या वाक्याखाली लाल रेघ ओढून एक गुण कापला.

तास संपल्यावर तो उत्तरपत्रिका घेऊन आला आणि म्हणाला, “मॅडम, शब्दकोशात ‘व्यापक’ असेच दिले आहे. तोच शब्द वरच्या दोन ओळींत बरोबर आणि खालच्या ओळीत चूक कसा?” त्याचे म्हणणे रास्त होते. ‘व्यापक विधान’ म्हटले की विधानाची स्तुती केल्यासारखे वाटते आणि इंग्रजी वाक्यात तर त्या विधानाला दोष दिला आहे, एवढे मी त्याला सांगितले. पण एकाच विशेषणाने एकदा नुसता विस्तार सांगावा आणि एकदा दोष दाखवावा, हे कसे घडते, ते मला त्याला नीट उलगडून सांगता आले नाही. ‘व्हास्ट’, ‘एक्स्टेन्सिव्ह’, ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ ही विशेषणेही मोठी व्याप्तीच सांगतात, मग ‘स्वीपिंग’चे वेगळेपण नेमके कशात आहे? आणि मराठीत त्यासाठी प्रसंगानुसार कोणते शब्द योजावेत? सोमवारी पुन्हा त्याच वर्गावर तास आहे आणि मुलाला अर्धवट उत्तर द्यायचे नाही, म्हणून येथे विचारते.

सिव्हिल लाइन्सचे निवृत्त अनुवादक

मॅडम, नमस्कार. माझी बरीच वर्षे न्यायालयीन कागदपत्रांच्या भाषांतरात गेली आणि या शब्दाशी माझी गाठ अनेकदा पडली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘स्वीप’ म्हणजे झाडणे, हे आपण सारेच जाणतो. पण विशेषणाचा अर्थ लावताना ते विसरतो. ‘व्हास्ट’ हे विशेषण आकारमान सांगते आणि जी वस्तू आहे तेथेच पसरलेली आहे तिला ते लागते. म्हणून समुद्राला ‘व्हास्ट’ म्हणतात, ‘स्वीपिंग’ म्हणत नाहीत. ज्ञानाला ‘एक्स्टेन्सिव्ह’ म्हणतात, ‘स्वीपिंग’ म्हणत नाहीत. ‘स्वीपिंग’मध्ये हालचाल असते. काहीतरी एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत जाते आणि वाटेत येईल ते सारे आपल्याबरोबर घेते. त्यामुळे बदल, अधिकार, आदेश, विधान, विजय, नजर, हाताचा हावभाव अशा, ज्यांच्यात कृती दडलेली आहे किंवा ज्यांचा परिणाम कुठेतरी जाऊन पोहोचतो अशा नामांशी हे विशेषण सहज नांदते.

वस्तू लहान असूनही ‘स्वीपिंग’ असू शकते, हे दाखवायला आपल्याच इतिहासातले एक उदाहरण पुरेसे आहे. मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. मूळ कायद्यात जेमतेम चार कलमे होती, म्हणजे आकाराने तो अगदीच छोटा. पण त्याच्या दुसऱ्या कलमाने सरकारला साथ रोखण्यासाठी आवश्यक वाटतील ते उपाय योजण्याची मुभा दिली. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी घरोघर ज्या झडत्या झाल्या आणि त्यातून जो संताप उसळला, तो रँडच्या वधापर्यंत कसा गेला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. तोच कायदा महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीसाठी पुन्हा लागू झाला. या अधिकारांना इंग्रजीत ‘स्वीपिंग पॉवर्स’ म्हणतात, ते त्यांची पोच मोठी म्हणून. कायद्याच्या पानांची संख्या तेथे गैरलागू असते.

‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’शी असलेला फरक तर मुलांना अवश्य सांगावा. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ म्हणजे एकेक बाब मोजून, तपासून, काहीही न वगळता घेतलेले. गाडीच्या त्या प्रकारच्या विम्याला आपण सर्वसमावेशक विमा म्हणतो, तेव्हा कोणकोणते नुकसान भरून मिळेल याची यादी कुणीतरी बारकाईने केलेली असते. ‘स्वीपिंग’मध्ये ही मोजणी नसते. सगळे घेतले जाते खरे, पण एकेक पाहून घेतलेले नसते, आणि तुमच्या तिसऱ्या वाक्यातला दोष नेमका येथून येतो असे मला वाटते. बदल किंवा अधिकार यांची व्याप्ती सांगताना एकेक पाहण्याची अपेक्षा नसते, म्हणून तेथे दोषाचा सूर सहसा उमटत नाही. विधान मात्र पाहून, पारखून करायचे असते. ते न पाहता सगळ्यांना लागू केले की ‘स्वीपिंग’ ही तक्रार होते. म्हणूनच विधानाबद्दल बोलताना इंग्रजीत या विशेषणाआधी ‘टू’ हा शब्द अनेकदा येतो.

अधिकारांच्या बाबतीत एक सावधगिरी सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका याचिकेच्या मराठी मसुद्यात मी ‘स्वीपिंग’साठी ‘अमर्याद’ लिहिले होते. माझ्या वरिष्ठांनी तो शब्द पेन्सिलीने गोल करून बाजूला लिहिले : “अर्जदाराने असे म्हटलेले नाही.” त्यांचे खरे होते. व्यापक अधिकारांना मर्यादा असू शकते, फक्त ती दूरवर असते; ‘अमर्याद’ म्हटले की मर्यादा नाहीच असा आरोप होतो आणि तो आरोप अनुवादकाच्या पदरचा ठरतो. म्हणून दुसऱ्या वाक्यात तुमच्या विद्यार्थ्याने लिहिलेला ‘व्यापक’ मला पूर्णपणे मान्य आहे.

धंतोलीचे उपसंपादक

अनुवादक काकांनी मूळ धरूनच सांगितले आहे. मी एका दैनिकाच्या मेजावर काम करतो आणि इंग्रजी वृत्तसंस्थांच्या बातम्यांमधून हा शब्द आमच्यासमोर जवळपास रोज येतो, म्हणून वापरातल्या काही अडचणी मांडतो.

‘स्वीपिंग’ बदलांसाठी मराठी वर्तमानपत्रांत सर्वाधिक वापरला जाणारा शब्द ‘आमूलाग्र’ हा आहे, आणि माझ्या मते तो पुष्कळदा चुकीच्या जागी पडतो. आमूलाग्र म्हणजे मुळापासून शेंड्यापर्यंत. ही उभी दिशा आहे. झाड एकच आहे आणि ते खालून वरपर्यंत बदलले, असा त्याचा अर्थ. ‘स्वीपिंग’ची दिशा आडवी आहे. एखाद्या खात्याच्या राज्यातील साऱ्या कार्यालयांतील पद्धत एका आदेशाने बदलली तर तो बदल ‘स्वीपिंग’ आहे, पण कामाचा गाभा तसाच राहिला असेल तर तो आमूलाग्र नाही. उलट एकाच शाळेने आपली शिकवण्याची रीत मुळापासून बदलली तर ते आमूलाग्र आहे, ‘स्वीपिंग’ नाही. १९९१ सालच्या आर्थिक धोरणाला दोन्ही विशेषणे शोभतात, कारण परवाना पद्धतीच्या मुळावरच घाव बसला आणि उद्योग, व्यापार, परकीय गुंतवणूक अशा अनेक क्षेत्रांवर त्याचा परिणाम झाला. सगळ्याच बदलांना ही दुहेरी पात्रता नसते. ‘दूरगामी’ हा शब्दही असाच उसना घेतला जातो. तो परिणामाचा पल्ला सांगतो, व्याप्ती सांगत नाही.

बदल्यांच्या बातमीत आम्ही ‘घाऊक’ लिहितो. ‘पोलीस दलात घाऊक बदल्या’ असे म्हटले की एकेकाचा विचार न करता लॉटच्या लॉट हलवल्याचा भाव आपोआप येतो, आणि तो ‘स्वीपिंग’ला फार जवळचा आहे. निवडणुकीत मात्र मराठीला झाडूपेक्षा पाणी अधिक आवडते. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर डिसेंबर १९८४ मध्ये झालेल्या निवडणुकीत काँग्रेसला चारशेहून अधिक जागा मिळाल्या. तेथे इंग्रजीत ‘स्वीप’ म्हणतात आणि आपण सहानुभूतीची लाट म्हणतो. हरणाऱ्याच्या बाजूने लिहायचे झाले तर ‘सुपडा साफ’ आहे, पण ते हिंदीच्या वाटेने आलेले आहे आणि गंभीर लेखात मी ते टाळतो. क्रिकेटच्या मालिकेतील सगळे सामने जिंकले तर ‘निर्भेळ यश’ हा आपला रुळलेला आणि सुंदर शब्द आहे.

आता तुमच्या तिसऱ्या वाक्याकडे येतो. तेथे ‘सरसकट’ हाच शब्द हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ‘सरसकट’ शब्दात अविचाराचा दोष मुळातच आहे, म्हणून तो विधानाला नेमका लागतो आणि चांगल्या गोष्टीला लागत नाही.

काटोलची लेक

उपसंपादक दादांचे आमूलाग्रबद्दलचे म्हणणे मला पटले, पण ‘सरसकट’ चांगल्या गोष्टीला लागत नाही हे मला मान्य नाही, आणि विदर्भात राहणाऱ्या कुणालाही ते मान्य होईल असे वाटत नाही. जून २०१७ मध्ये पुणतांब्यापासून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तेव्हा मागणी काय होती? सरसकट कर्जमाफीची. त्या शब्दात मागणाऱ्याच्या लेखी कोणताही दोष नव्हता. एकही शेतकरी बाहेर राहू नये, एवढाच त्याचा अर्थ होता. पुढे योजना आली ती दीड लाखांची मर्यादा आणि पात्रतेच्या अटी घेऊन, आणि ‘सरसकट की निकषांसह’ हा वाद गावोगावच्या पारावर रंगला. तोच शब्द तिजोरी सांभाळणाऱ्याच्या तोंडी आला की बेजबाबदारपणाचा वाटतो आणि कर्जाखाली दबलेल्याच्या तोंडी आला की न्यायाचा वाटतो. तेव्हा दोष शब्दात आहे असे म्हणण्यापेक्षा, एकेक पाहून निवडायला हवे होते की नको होते याविषयी बोलणाऱ्याचे मत काय आहे, ते पाहावे.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. एका वर्षी आंबिया बहाराची फळे झाडावर असताना गारपीट झाली आणि दुसऱ्या दिवशी पंचनाम्यासाठी माणसे आली. आमच्या धुऱ्याच्या एका बाजूची झाडे पार झोडपली गेली होती आणि दुसऱ्या बाजूला फळे वरून शाबूत दिसत होती. पाहणाऱ्यांनी त्या बाजूचे नुकसान कमी लिहिले. बाबांनी त्यातले एक फळ तोडून त्यांच्या हातावर ठेवले; सालीवर गारेचा बोटाच्या पेराएवढा तपकिरी डाग होता आणि दाबल्यावर आतली फोड मऊ लागत होती. आठ दिवसांत ती सारी फळे गळून पडली. तेव्हापासून आमच्या घरात ‘सरसकट पंचनामे’ हे शब्द कोणी उच्चारले तर त्यात अविचार ऐकू येत नाही.

आणि झाडूवरून आठवले म्हणून लिहिते. मराठीला झाडू आवडत नाही असे कसे म्हणता येईल? ‘लग्नाला झाडून सारे गाव आले होते’ असे आपण म्हणतोच ना? हे ‘झाडून’ म्हणजे इंग्रजीतल्या ‘स्वीपिंग’चे सख्खे भावंड आहे. सकाळी आई अंगणात खराटा फिरवते तेव्हा संत्र्याची पाने, गळलेली फुले, खडे, कोंबडीचे पीस, सारे एकाच ढिगात जाते. खराटा काही निवडत नाही. ते चित्र दोन्ही भाषांनी आपापल्या अंगणात पाहिले आणि दोघींनी त्यातून ‘एकही न वगळता’ हा अर्थ काढला.

रामदासपेठेतील संस्कृतचा विद्यार्थी

काटोलच्या ताईंनी ‘निकष’ शब्द काढला आणि मला राहवले नाही. या चर्चेत अजून न आलेला एक शब्द आहे तो ‘सर्वंकष’, आणि त्याचे निकषाशी रक्ताचे नाते आहे.

संस्कृतात ‘कष्’ या धातूचा अर्थ घासणे, खरवडणे असा आहे. ‘सर्वंकष’ म्हणजे सर्व काही घासत जाणारा. हा शब्द इतका जुना आहे की पाणिनीने त्याच्यासाठी आणि त्याच्या भावंडांसाठी स्वतंत्र सूत्र केले : ‘सर्वकूलाभ्रकरीषेषु कषः’. त्यातूनच ‘कूलंकषा’ हा शब्द साधतो, म्हणजे दोन्ही काठ घासत वाहणारी, तुडुंब भरलेली नदी. आणि ‘अभ्रंकष’ म्हणजे ढगांना घासणारा, ज्याला आपण आज गगनचुंबी म्हणतो. मल्लिनाथाने ‘शिशुपालवध’ या संस्कृत महाकाव्यावरील आपल्या टीकेला, म्हणजे भाष्याला, ‘सर्वंकषा’ असे नाव दिले, ते काहीही न सोडणारी या अर्थाने. आणि ‘निकष’ म्हणजे सोने घासून पाहण्याचा दगड, कसोटी. म्हणजे एकाच घासण्यातून एक शब्द सगळ्यांवरून फिरण्यासाठी निघाला आणि दुसरा एकेक पारखून घेण्यासाठी निघाला. ‘सरसकट की निकषांसह’ या वादातील दुसरी बाजू शब्दाच्या मुळाशी जाऊन पाहिली की किती नेमकी निवडली गेली होती, हे लक्षात येते.

एवढी हालचाल पोटात असूनही आजच्या मराठीत ‘सर्वंकष’ बहुतेक वेळा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’च्या बाजूला उभा असतो. ‘प्रश्नाचा सर्वंकष विचार’ म्हणजे सगळ्या अंगांनी केलेला विचार, त्यात घाई नाही. म्हणून ‘सर्वंकष विधान’ म्हटले तर ‘व्यापक विधान’ म्हटल्यावर जी चूक होते तीच होईल. सत्तेच्या बाबतीत मात्र जुना घासण्याचा अर्थ जागा होतो. राज्यशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘सर्वंकषवाद’ म्हणतात ती माणसाच्या जगण्याचे कोणतेच अंग मोकळे न सोडणारी राजवट असते. तेव्हा ‘सर्वंकष सुधारणा’ हा गौरव आणि ‘सर्वंकष सत्ता’ हे भय, अशी या शब्दाची दोन टोके आहेत, आणि मुलांना ती दाखवली तर एका विशेषणाने स्तुती आणि दोष दोन्ही कसे सांगावेत हे त्यांना त्यांच्याच भाषेत दिसेल.

सिव्हिल लाइन्सचे निवृत्त अनुवादक

काटोलच्या ताईंचे म्हणणे मी मान्य करतो आणि माझ्या आधीच्या उत्तरात एक दुरुस्ती सुचवतो. बदल आणि अधिकार यांच्या बाबतीत दोषाचा सूर सहसा उमटत नाही असे मी लिहिले होते. पण प्लेगच्या काळात ज्यांच्या देवघरात शिपाई शिरले त्यांच्यासाठी ‘स्वीपिंग पॉवर्स’ हे शब्द दोषाचेच होते. विशेषण तेच राहते, ऐकणारा कोठे उभा आहे यावर त्याचा रंग ठरतो.

एक प्रकार सुटला आहे, तो थोडक्यात सांगतो. रामटेकच्या गडमंदिरावरून खाली पाहिले की जे दिसते त्याला इंग्रजीत ‘स्वीपिंग व्ह्यू’ म्हणतात. तेथे ‘व्यापक’ही चालत नाही आणि ‘सरसकट’ही चालत नाही, ‘विहंगम दृश्य’ हा रुळलेला शब्द आहे, किंवा सरळ ‘नजर पोहोचेल तिथवर’ असे लिहावे. येथे फिरत जाते ती नजर, आणि दोषाचा प्रश्नच येत नाही.

महालची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. सोमवारचा तास झाला, म्हणून काय घडले ते कळवते.

मुलांना मी आधी अंगणातला खराटा सांगितला आणि मग तिन्ही वाक्ये पुन्हा फळ्यावर लिहिली. पहिल्या वाक्यात ‘व्यापक बदल’ कायम ठेवले आणि ‘आमूलाग्र’ का नको ते उभ्या-आडव्या दोन रेघा काढून दाखवले. दुसऱ्यात ‘व्यापक अधिकार’ तसेच राहिले. तिसऱ्या वाक्यापाशी आल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी मी आजवर शिकवली नव्हती. ‘हे विधान फारच सरसकट आहे’ असे लिहिले तर अर्थ कळतो, पण वाक्य मराठीत अवघडून बसते. ‘असे सरसकट म्हणता येणार नाही’ असे लिहिले की ते मोकळे होते. इंग्रजीने जे नामाला चिकटवले आहे ते मराठी क्रियापदाकडे नेऊन ठेवते, म्हणून विशेषणाच्या जागी विशेषणच शोधत बसल्यामुळे मुलेही अडतात आणि आपणही अडतो.

त्या मुलाने सगळे वहीत उतरवून घेतले आणि मग विचारले, “मॅडम, तिसऱ्या वाक्यात ‘झाडून’ वापरले तर?” मी त्यालाच फळ्यावर वाक्य करायला सांगितले. त्याने लिहिले, ‘शहरातली झाडून सारी मुले वाचत नाहीत.’ मग स्वतःच दोन पावले मागे सरून ते वाचले आणि म्हणाला, “हे तर ते विधानच झाले. ‘झाडून’ विधान करणाऱ्याच्या तोंडी येईल, आणि त्याला अडवणारा ‘सरसकट’ म्हणेल.” कापलेला गुण मी त्याच्या उत्तरपत्रिकेवर परत लिहिला नाही, कारण लिहिले तेव्हा उत्तर चूकच होते; पण त्याचे हे वाक्य मी माझ्या टिपणवहीत ‘स्वीपिंग’च्या पानावर, तारीख घालून, लिहून ठेवले आहे.